नाचाच्या वर्गासाठी लिहिलेले हमीपत्र

माझी पत्नी दर रविवारी वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे नाच शिकायला जाते, ही बाब मी आर्वीत पुष्कळ दिवस कोणास कळू दिली नव्हती. विचारणाऱ्यास सांगत असे की लेकीकडे जातो. ते खोटे नव्हते. लेक बोरगावातच राहते आणि नाचाचा वर्ग तिच्या घरापासून चार गल्ल्यांवर भरतो. सत्य कोठवर लिहावे आणि कोठे थांबावे, एवढे ज्ञान मला धंद्याने दिलेले आहे.

मी अर्जनवीस आहे. कचेरीच्या आवाराबाहेर, कडुनिंबाखाली माझे टेबल असते. शिक्षण नववीपर्यंत, तेही रोहणा गावच्या शाळेत. परंतु गेल्या सव्वीस वर्षांत माझ्या हातून इतके अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि हमीपत्रे उतरली आहेत की आज पदवीधर माणसेही आपला मसुदा मला दाखवून घेतात. खेड्यातला माणूस आला की आधी शिव्या देतो, मग भावाचे नाव घेतो, मग डोळे पुसतो. त्या सगळ्यातून मी चार ओळी काढतो आणि त्याला वाचून दाखवतो. त्या ऐकताना त्याचा श्वास खाली बसत जातो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. अर्ज मंजूर होवो वा न होवो, आपले म्हणणे कोणीतरी नीट मांडले, एवढ्यानेच माणूस निम्मा बरा होतो. मनाच्या आजारावर माझा अभ्यास म्हणाल तर तो एवढाच.

तो घरात उपयोगी पडला नाही, कारण पत्नी काही बोलतच नव्हती.

माझी आई नऊ वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिची सर्व सेवा माझ्या पत्नीने केली. दर तीन तासांनी कूस बदलायची, एक हात मानेखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून उचलायचे, पुसायचे, पावडर लावायची, पुन्हा निजवायचे. आई गेली तेव्हा नातेवाईक म्हणाले, सुटली बिचारी. कोण सुटली, सासू की सून, हे त्यांनी स्पष्ट केले नाही. पहिले काही महिने पत्नीने घर धुऊन काढले. नंतर तिची झोप गेली. कूस बदलण्याच्या त्या ठरलेल्या वेळांना ती उठून बसे आणि मग बसूनच राही. दिवसा मागच्या खोलीत, जिथे आईची खाट होती तिथे, फरशीवर भिंतीला टेकून असे. जेवण विचारले तर म्हणे, भूक नाही. काय होते आहे म्हणून विचारले तर म्हणे, काईच होत नाई.

त्या काळात माझेही चित्त थाऱ्यावर नव्हते. टेबलावर बसलो की पाच मिनिटांत उठायचो. कचेरीच्या फाटकापर्यंत जायचो, परत यायचो, चष्मा पुसायचो, पुन्हा उठायचो. समोर बसलेला माणूस आपली हकीकत सांगत असे आणि माझ्या डोक्यात एकच असे की घरी ती आत्ता त्याच जागी बसली असेल. एकदा वारसाच्या अर्जात मी जिवंत माणसाच्या नावापुढे ‘मयत’ लिहिले. अर्जदाराने ते दाखवून दिले. अशी चूक माझ्याकडून पूर्वी झालेली नव्हती.

लेक शाळेत शिक्षिका आहे. तिने पुढाकार घेऊन आपल्या आईला वर्ध्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि सांगितले की गोळी झोप आणील, पण माणसांत मिसळणे, अंग हलवणे, हे यांनाच करावे लागेल. लेक स्वतः नाचाच्या ज्या वर्गाला जात होती, तिथेच तिने आईला नेण्याचे ठरवले. मला फोनवर ‘व्यायामाचा वर्ग’ असे सांगण्यात आले. शब्द कसे निवडावे हे तीही माझ्याकडूनच शिकलेली आहे.

वर्ग एका वसाहतीच्या सभागृहात रविवारी दुपारी चार वाजता भरे. तो चालवणाऱ्या बाई खेळाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. नोकरीनिमित्त नवऱ्याबरोबर परमुलखात राहिल्या असताना त्या हा जोडीचा नाच शिकल्या होत्या, आणि नवरा गेल्यावर घरात एकट्या बसवेना म्हणून त्यांनी हा वर्ग सुरू केला होता. येणारी माणसे चाळिशी-साठीची: शिक्षक, कारकून, एक कृषी खात्यातले गृहस्थ, दोघी-तिघी गृहिणी. स्पीकरवर जुनी हिंदी गाणी लावायची आणि एक-दोन-तीन, एक-दोन-तीन असे पाय टाकायचे. पुरुषाचा एक हात बाईच्या पाठीवर, दुसऱ्या हातात तिचा हात.

वर्गाची एक रीत होती. प्रत्येक गाण्यानंतर जोडी बदलायची. कोणी तोंडाने विचारायचे नाही, फक्त समोर जाऊन हात पुढे करायचा. समोरच्याची इच्छा असेल तर तो आपला हात त्यात देईल. नसेल तर दोन्ही हात जोडून नमस्कार करील, आणि विचारणाऱ्याने कारण न विचारता पुढे जायचे. हात कोणीही पुढे करावा असे बाई सांगत; पण आमच्याकडच्या बायका भिंतीशी उभ्या राहत आणि पुरुषच पुढे येत.

पहिले दोन रविवार पत्नी फक्त लेकीबरोबर नाचली. मी दाराशी खुर्चीवर बसून होतो. त्यास माझी हरकत नव्हती. तिसऱ्या रविवारी बाईंनी तिला भिंतीशी उभे केले, आणि एक निवृत्त कंडक्टर तिच्यासमोर येऊन हात पुढे करून उभा राहिला.

हा मनुष्य साठीचा, काळासावळा, पोट थोडे सुटलेले. पण पाय असे टाकी की जणू खालची फरशी त्याच्या ओळखीची आहे. जन्मभर चालत्या गाडीत उभे राहून तिकिटे फाडली, तेव्हा तोल म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागले नव्हते. पत्नी दुसऱ्याच पावलाला अडखळली. तेव्हा तो म्हणाला, “घाबरू नका वयनी, मागं सीट रिकामीच आहे, पडल्या तरी बसानच.”

आणि माझी पत्नी हसली.

आई जाऊन अकरा महिने झाले होते. त्या अकरा महिन्यांत तिच्या हसण्याचा हा पहिला आवाज. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. परंतु मी लगेच खुर्चीवरून उठून बाहेर गेलो, ही वस्तुस्थिती आहे. सभागृहापासून मुख्य रस्त्यापर्यंत गेलो, तिथून परत आलो, खिडकीतून पाहिले, पुन्हा रस्त्यापर्यंत गेलो. अशा किती फेऱ्या झाल्या ते आठवत नाही. दर वेळी खिडकीतून दिसे ते वेगळे असे. कधी ती कृषी खात्यातल्या गृहस्थाबरोबर, कधी एका कारकुनाबरोबर, कधी पुन्हा कंडक्टरबरोबर. परक्या माणसाचा हात तिच्या पाठीवर, आणि ती खाली आपल्या पायांकडे पाहत ओठांनी आकडे मोजते आहे.

त्या रात्री ती सलग सहा तास झोपली. पुढच्या आठवड्यात तिने स्वतःहून वांग्याची भाजी केली आणि तिखट झाली का म्हणून विचारले. शेजारणीकडे गेली. आईच्या खोलीची खिडकी उघडली. डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. एके संध्याकाळी अंगणात ती मला म्हणाली की उभे राहा, दाखवते. लग्नाला एकतीस वर्षे झाली, पण असे समोरासमोर उभे राहून आम्ही एकमेकांचा हात कधी धरला होता, हे मला सांगता येणार नाही. तिचा तळहात खरखरीत होता आणि उबदार होता. मी चौथ्या पावलातच तिला तुळशीच्या ओट्यावर नेऊन आदळले.

“ढकलू नका ना,” ती म्हणाली. “हात ठेवाचा फक्त. मले समजते कोठं जाचं ते.”

मी म्हणालो, पाठ दुखते, आणि आत जाऊन पेपर उघडला.

येथे माझी मनःस्थिती प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे. तिची प्रकृती सुधारत होती आणि माझी बेचैनी वाढत होती. रविवार जवळ आला की शुक्रवारपासूनच माझ्या फाटकापर्यंतच्या फेऱ्या सुरू होत. तिच्यावर माझा संशय नव्हता, कंडक्टरवरही नव्हता. तरीही मनाला कोठे टेकायला जागा नव्हती. ज्या गोष्टीत मी नाही, अशा एका गोष्टीने ती बरी होत होती. आणि मला जी एकच विद्या येते, ती मनाला जागा देण्याचीच आहे: गोष्ट कागदावर आणायची, तिला कलमे घालायची, खाली सही घ्यायची. मग माणूस झोपू शकतो.

मी हमीपत्राचा मसुदा केला. चार दिवस त्यावर खर्च केले. तो चांगला उतरला होता, हे आजही सांगतो.

‘मी खाली सही करणार याद्वारे लिहून देतो की, सदर वर्गात उपस्थित असणाऱ्या सर्व महिलांना मी भगिनीसमान मानीन, नृत्याच्या सरावापुरताच व आवश्यक तेवढाच स्पर्श करीन, वर्गाबाहेर कोणत्याही कारणाने संपर्क साधणार नाही, आणि याबाबत कोणतीही तक्रार उद्भवल्यास तीस मी व्यक्तिशः जबाबदार राहीन. सबब हे हमीपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून दिले असे.’

वर्गात पुरुष पाच होते. पाच प्रती टाईप करून घेतल्या, नावाची जागा मोकळी ठेवली. त्या रविवारी लेकीला शाळेत परीक्षेची ड्युटी होती म्हणून ती नव्हती, हे मला आधीपासून ठाऊक होते. मधल्या सुटीत बायका आत चहा करत असताना मी पुरुषांना ओट्यावर एकत्र केले आणि सांगितले की असा कागद असलेला बरा, पुढे कोणी बोट दाखवू नये म्हणून तुमच्याच संरक्षणाकरिता आहे. बहुतेक पांढरपेशे. कागदाला नाही म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. कारकुनाने प्रत्येक कलम दोनदा वाचले आणि दिनांक कोणता टाकू म्हणून विचारले. कृषी खात्यातले गृहस्थ जबाबदारीच्या ओळीवर बोट ठेवून थोडे थांबले, मग त्यांनीही सही केली. कंडक्टरने न वाचताच केली.

“तुमी लिवलं म्हणजे पक्कंच असन भाऊ,” तो म्हणाला, आणि पेन मला परत दिले.

पाच सह्या पिशवीत ठेवल्या आणि मला हलके वाटले. त्या दिवशी मी खुर्चीवरून एकदाही उठलो नाही.

उठलो नाही म्हणूनच पुढचे सर्व मला नीट दिसले. चहानंतर गाणे लागले. बायका भिंतीशी उभ्या होत्या, माझी पत्नी शेवटून दुसरी. कारकून तिच्यासमोरून गेला, थबकला आणि त्याने अदबीने हात जोडले. तिने हात अर्धा वर आणला होता, तो तिने पदराकडे नेला. पुढच्या गाण्याला कृषी खात्यातले गृहस्थ आले. त्यांनीही वाकून नमस्कार केला. त्यांची काही चूक नव्हती. ज्या बाईचा नवरा तक्रारीची जबाबदारी लिहून घेतो, तिच्या पाठीवर हात कोण ठेवील? कंडक्टर तर तिच्या बाजूला फिरकलाच नाही. दुरूनच सलाम केल्यासारखा कपाळाला हात लावून हसल्यासारखे करून गेला. सबंध संध्याकाळ तिला नमस्कार मिळाले. एक गाणे बाई स्वतः तिच्याबरोबर नाचल्या.

बसमध्ये ती म्हणाली की आज सगळे दमलेले दिसत होते. मी म्हणालो, ऊन फार आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. लेक होती, तिने एक गाणे आईला नाचवले, आणि मग लेकीसमोर कोणीतरी हात पुढे केला तशी ती त्याच्याबरोबर गेली. पत्नी तीन गाणी भिंतीशी उभी राहिली. चौथ्या गाण्याला बाकावर जाऊन बसली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या बसण्याची मला ओळख होती.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी होती. बोरगाव मागे पडले. मग तिने माझ्याकडे न पाहता विचारले, “माह्या अंगाले वास येते काय?”

मी म्हणालो, कसला वास?

“आईच्या खोलीचा. नऊ वर्षं त्यातच होती मी. आपल्याले सवय झाली, आपल्याले येत नसन. लोकाईले येत असन.”

मी म्हणालो की असे काही नाही. ती म्हणाली, बरं. तेवढेच आमचे बोलणे झाले. सांगायला हवे होते. वाक्य तोंडापर्यंत तयार होते: वास नाही, माझा कागद आहे. ते मी गिळले.

घरी आल्यावर तिने अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी तीन वेळा केली. कपाटातल्या साड्या काढून सगळ्या उकळत्या पाण्यात टाकल्या, त्यात एका चांगल्या साडीचा रंग गेला. आठवडाअखेर ती पुन्हा मागच्या खोलीत फरशीवर बसलेली होती आणि खिडकी बंद होती. रविवारी मी विचारले, निघायचे ना? ती म्हणाली, तुमी जाऊन या लेकीकडं, मले नाई वाटत.

मी माझ्या पद्धतीने उपाय केला. हमीपत्र रद्द करण्याचे पत्र लिहिले. ‘सदर हमीपत्रे गैरसमजातून घेण्यात आली असून ती आजपासून रद्दबातल समजावीत.’ हे वाक्य मी सात प्रकारे लिहून पाहिले. ‘गैरसमज’ कोणाचा, हे प्रत्येक प्रकारात मोघम ठेवले होते. ते आणि सहीचे एक हमीपत्र घेऊन पुढच्या रविवारी मी एकटाच बोरगावला गेलो, आणि वर्ग सुरू होण्यापूर्वी बाईंसमोर ठेवले. तोपर्यंत बाईंना हमीपत्राचा पत्ता नव्हता. त्यांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला, आणि मला म्हणाल्या की हे तुम्ही पुरुषांना वाटाल, ते वाचतील आणि घडी करून खिशात ठेवतील. पुढच्या रविवारीही हातच जोडतील. मी म्हणालो, मग काय करू?

“वहिनींना माहीत आहे का?” बाईंनी विचारले.

मी हमीपत्र उचलून पिशवीत ठेवले. त्यांनी रद्दपत्र माझ्याकडे सरकवले आणि स्पीकर जोडायला उठल्या.

ओट्यावर कंडक्टर भेटला. मी त्याला सरळ विचारले की तुम्ही तरी का मागे सरकलात. त्याने बूट सोडता सोडता सांगितले. नोकरीत असताना गाडीत दोघांचे भांडण झाले होते. ह्याने साक्षीदार म्हणून न वाचता सही केली, आणि मग किती तरी वर्षे कोर्टाच्या तारखांना जात राहिला. लेकीच्या लग्नाच्या दिवशीही तारीख होती.

“तवापासून भाऊ, जेथं माही सही आहे तेथं मी दूर राह्यतो,” तो म्हणाला. “वयनीवर काही राग नाई माहा. त्या चांगल्या नाचतात. तुमच्या कागदाले भेतो मी.”

परतीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली, पण मी उभाच राहिलो. बसलो असतो तरी उठलोच असतो. एवढ्या वर्षांत हजारो माणसांच्या वतीने मी ‘मी’ असे लिहिले. मी गरीब आहे, मी निराधार आहे, माझ्यावर अन्याय झाला. आता जे सांगायचे होते त्यात मी म्हणजे खरोखर मीच होतो, आणि त्याचा एकही नमुना माझ्या फायलीत नव्हता.

घरी ती मागच्या खोलीत होती. मी दारातच उभे राहून सांगितले. कसे सांगितले ते नीट आठवत नाही. क्रम चुकला, आधी कंडक्टरच्या कोर्टाचे सांगितले, मग बाईंचे, आणि शेवटी सह्यांचे. ती ऐकत होती. माझे संपल्यावर म्हणाली, कागद आहे काय संग?

होता. पाचही होते.

“वाचा बरं.”

मी त्यातला एक वाचायला घेतला. ‘भगिनीसमान’पाशी थांबलो. ती म्हणाली, पुरा वाचा. मी पुरा वाचला, राजीखुशीपर्यंत. कोणत्याही मसुद्याचे वाचन मला इतके लांब वाटले नव्हते. बाहेर कोणाची तरी मोटरसायकल सुरू होत नव्हती, तेवढाच आवाज.

“म्हणजे वास नव्हता,” ती म्हणाली.

मी म्हणालो, नव्हता.

“मी पंधरा दिवस अंग घासून राह्यली.” तिने आपला दंड पाहिला, कोपराच्या वर कातडी लाल झालेली होती. “तुमी त्या पाच जणाईले विचारलं. सह्या घेतल्या. मले काऊन नाई विचारलं?”

मी कागद फाडू लागलो. तिने ते माझ्या हातून घेतले, नीट एकावर एक ठेवले आणि उशीखाली सारले. म्हणाली, असू द्या, मले पायजेत. कशाला, ते तिने सांगितले नाही. त्यानंतर चार-पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. पण अंघोळ एकदाच करत होती, हे मी पाहत होतो.

शनिवारी तिने सांगितले की उद्या मी जाणार आहे, एकटी. मी म्हणालो, सोडायला येतो. ती म्हणाली, नका येऊ. मी म्हणालो, बसला गर्दी असते. ती म्हणाली, असू दे. आईचे आजारपण सुरू झाल्यापासून ती एकटी आर्वीबाहेर कधी गेली नव्हती. रविवारी दुपारी ती हिरवी साडी नेसली, पिशवीत पाण्याची बाटली आणि ते पाच कागद घातले, आणि मला चहा ओतून ठेवून निघाली.

तो रविवार मी कसा काढला हे मांडणे अवघड आहे. चार वाजता वर्ग सुरू झाला असेल म्हणून मी घड्याळ पाहिले, तेव्हा सव्वातीन झाले होते. अंगणातून फाटकापर्यंत गेलो, परत आलो. लेकीला फोन करावा म्हणून हातात घेतला आणि ठेवला, असे चार वेळा केले. डोळ्यांपुढे भिंत येई आणि भिंतीशी हिरवी साडी. पुरुष येतात, हात जोडतात, पुढे जातात. मग ती बाकावर बसते. मग बसमध्ये एकटी खिडकीशी. तिचे जे काही परत आले होते ते मी माझ्या सुवाच्य अक्षराने घालवले, आणि आज ते कायमचे जाईल, असे मनात येई. साडेपाचपासून मी स्थानकात होतो. वर्ध्याकडून येणारी प्रत्येक गाडी पाहिली. दुसऱ्या गाडीतून ती उतरली नाही तेव्हा मी चौकशीच्या खिडकीत विनाकारण जाऊन आलो.

तिसऱ्या गाडीतून ती उतरली. घामाने ब्लाऊज पाठीला चिकटलेले होते. पिशवी माझ्या हातात न देता तिने दुसऱ्या खांद्यावर घेतली. मी काही विचारले नाही. विचारण्याचा हक्क आपण गमावलेला आहे, एवढी समज मला त्या दिवसापुरती होती. मंडईपाशी तिने आपणहून सांगितले. ते असे की तिने बाईंना गाणे थांबवायला सांगितले, पाचही जणांना त्यांचे त्यांचे कागद परत दिले आणि म्हणाली की हे माझ्या मालकाने लिहिले, मला न विचारता; माझी तक्रार नाही आणि होणार असेल तर माझे तोंड आहे. कारकुनाने कागद उलटासुलटा करून पाहिला. मग गाणे लागले, आणि पुन्हा सगळे उभेच.

“मग मीच गेली अन् हात पुढं केला,” ती म्हणाली.

मी चालता चालता थांबलो. कोणासमोर, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला. तो कंडक्टर होता की दुसरा कोणी, त्याने हात दिला की जोडले, किती गाणी. सगळे प्रश्न कलमांसारखे एकाखाली एक उभे राहिले. ती पुढे निघून गेली होती. भाजीवाल्यापाशी वाकून ती मेथी निवडत होती, आणि तिचा डावा पाय, तिला कळत नसेल, जमिनीवर हलकेच एक-दोन-तीन करत होता.

मी विचारले नाही. घरी आल्यावर तिने दोन भाकरी खाल्ल्या, मला वाढले, आणि आठ वाजायच्या आत समोरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपली. तिने चष्मासुद्धा काढला नव्हता. तिला न विचारता मी तो काढून ठेवावा की नाही, ह्याच विचारात तिच्याजवळ उभा राहिलो, दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो.